जोडीदार फोनवर, तपासणी कुठे?

वैभववाडीच्या बाजारपेठेत उभं राहून एखाद्या तरुणानं पुरुषांना पुरुष जोडीदार शोधून देणारं ग्राइंडर हे अ‍ॅप उघडलं, तर पडद्यावर चौकोनी फोटोंची रांग लागते. फोटोवर टिचकी मारली की तो माणूस किती अंतरावर आहे ते दिसतं. मुंबईत पहिला माणूस शेजारच्या इमारतीतला निघू शकतो. इथे तो कणकवलीचा असेल, फोंड्याचा असेल, नाहीतर थेट घाटावरचा, गगनबावड्यापलीकडे कोल्हापूरच्या बाजूचा. अ‍ॅप अंतर मोजतं ते सरळ रेषेत. करूळ घाटाची वळणं, पावसाळ्यातली दरड, संध्याकाळी चुकलेली शेवटची एसटी यांतलं काही त्याला ठाऊक नसतं. बहुतेक चौकोनांत चेहराही नसतो. समुद्राचा फोटो असतो, मोटारसायकलचं हँडल असतं, मानेखालचं शरीर असतं आणि नावाच्या जागी ‘डिस्क्रीट’ असं काहीतरी. गप्पा सुरू झाल्या की दोन-तीन वाक्यांत ठरलेला प्रश्न येतो : ‘प्लेस आहे?’

आरोग्याच्या दृष्टीनं या संभाषणातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, असं माझं मत आहे. गावाकडच्या घरात आईवडील असतात, भावंडं असतात, शेजारचे काका न विचारता माजघरापर्यंत येतात. लॉजवर ओळखपत्र मागतात आणि काउंटरवरचा माणूस मामाच्या ओळखीचा निघतो. मग भेट होते ती काजूच्या बागेत, बंद पडलेल्या बांधकामात, रस्त्याकडेला उभ्या केलेल्या गाडीत. उजेड नसतो, वेळ नसतो, कान बाहेरच्या चाहुलीकडे लागलेले असतात. अशा घाईत निरोध खिशातच राहतो, किंवा मुळात घेतलेलाच नसतो, कारण गावातल्या मेडिकलवाल्याकडे तो मागायचा कसा? ‘लोक काय म्हणतले’ हे वाक्य सिंधुदुर्गात प्रत्येकानं लहानपणापासून ऐकलेलं आहे. समलिंगी आणि उभयलैंगिक पुरुषांच्या बाबतीत या वाक्याचा परिणाम थेट शरीरावर होतो.

पुरुषांना पुरुष भेटण्याची सोय फोननं निर्माण केली असं नाही. त्या आधीही ती होती. मुंबईत काही बागा, स्टेशनांवरची काही स्वच्छतागृहं, लोकलचे काही डबे ठाऊक असणाऱ्यांना ठाऊक होते. पुढे संघटित कामही सुरू झालं. अशोक राव कवी यांनी १९९० साली ‘बॉम्बे दोस्त’ हे समलिंगी समुदायाचं मासिक काढलं आणि १९९४ साली सहकाऱ्यांसह मुंबईत ‘हमसफर ट्रस्ट’ उभा केला. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली ‘समपथिक ट्रस्ट’ सुरू केला आणि समलैंगिकतेवर मराठीत सातत्यानं पुस्तकं लिहिली. घाट चढून पलीकडे गेलं की सांगलीत मीना शेषू यांच्या ‘संग्राम’ या संस्थेच्या बरोबरीनं ‘मुस्कान’ ही देहविक्रय करणाऱ्या पुरुषांची आणि तृतीयपंथी व्यक्तींची संघटना उभी राहिली. हे काम मोठ्या शहराबाहेरही होऊ शकतं, याचा हा जवळचा दाखला.

एचआयव्ही प्रतिबंधाचा सरकारी कार्यक्रम या भेटीच्या ठिकाणांच्या आधारावरच आखलेला होता. त्याच समाजातला प्रशिक्षित कार्यकर्ता संध्याकाळी बागेत किंवा स्टेशनवर जायचा, ओळख वाढवायचा, निरोध द्यायचा, तपासणीला सोबत न्यायचा. ही पद्धत चांगली चालली, कारण माणसं एका जागी सापडत होती. २००२ साली बर्लिनमध्ये सुरू झालेलं प्लॅनेटरोमिओ हे संकेतस्थळ भारतात लोकप्रिय झालं, २००९ मध्ये ग्राइंडर आलं, पुढे स्वस्त डेटा आला आणि बागेतली माणसं फोनमध्ये गेली. कार्यकर्ता बागेत उभा राहिला तरी आता त्याला कोणी दिसत नाही. म्हणून त्यालाही फोनमध्ये जावं लागलं. हमसफर ट्रस्टच्या सहभागानं मुंबई परिसरात ‘चलो’ नावाचा एक अभ्यास झाला. त्यात ऑनलाइन जोडीदार शोधणाऱ्या पुरुषांना त्यांच्यासारख्याच प्रशिक्षित पुरुषांकडून १२ आठवडे संदेश पाठवले गेले. तपासणी का करायची, कुठे करायची, भीती वाटली तर काय, असे ते संदेश. त्याचा अहवाल २०२० साली प्रसिद्ध झाला. मुंबईत संदेश मिळाल्यावर जायला केंद्रही असतं. वैभववाडीसारख्या तालुक्यात अ‍ॅप पोचलं, पण त्याच्या मागोमाग जायला हवा होता तो कार्यकर्ता पोचला नाही. या लेखाचं सगळं म्हणणं या एका फटीविषयी आहे.

आता आकडे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या २०१७ च्या पाहणीत पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण २.६९ टक्के आढळलं. देशातल्या सर्व प्रौढांमध्ये ते साधारण ०.२ टक्के आहे. बारा-तेरा पटींचा हा फरक बघून लोक चारित्र्यावर घसरतात. खरी कारणं वेगळी आहेत आणि ती समजून घेण्यासारखी आहेत. पहिलं शरीररचनेचं. गुदाशयाच्या आतलं अस्तर पेशींच्या एकाच थराचं असतं, त्यात नैसर्गिक ओलावा जवळपास नसतो आणि एचआयव्ही ज्या पेशींना धरतो त्या पेशी तिथे दाटीनं असतात. समोरचा माणूस बाधित असेल, उपचारावर नसेल आणि निरोध नसेल, तर गुदसंभोगात स्वीकारणाऱ्याला संसर्ग होण्याची शक्यता दर दहा हजार संबंधांमागे सुमारे १३८ आहे. तशाच परिस्थितीत योनिसंभोगात स्त्रीला असलेली शक्यता दहा हजारांत सुमारे ८. मुखसंभोगात एचआयव्हीचा धोका फारच कमी, पण सिफिलिस आणि परमा (गनोरिया) त्या वाटेनं सहज जातात.

दुसरं कारण माणसांच्या जाळ्याचं. दोन-तीन तालुक्यांत मिळून अ‍ॅपवर जेमतेम काही डझन माणसं असतील, तर तीच तीच माणसं एकमेकांना भेटत राहतात. जाळं लहान असलं की ते सुरक्षित आहे असं वाटतं. ‘मी फक्त ओळखीतल्यांनाच भेटतो’ हे वाक्य म्हणूनच फसवं आहे. लहान जाळ्यात एकाला संसर्ग झाला की तो बाकीच्यांपर्यंत लवकर फिरतो. शिवाय हे जाळं बंदिस्त नसतं. गणपतीला आणि शिमग्याला चाकरमानी गावी येतात, वैभववाडी रोड स्टेशनवर गर्दी उतरते, आणि त्या दिवसांत मुंबई, ठाणे, पुण्याची जाळी गावच्या जाळ्याला जोडली जातात. तिसरं कारण भीतीचं : ज्याला तपासणी करायची लाज वाटते, त्याचा संसर्ग वर्षानुवर्षं कळत नाही, आणि न कळलेला संसर्गच पुढे जातो.

एचआयव्हीची एवढी चर्चा होते की सिफिलिसकडे दुर्लक्ष होतं, म्हणून त्याच्याविषयी जरा सविस्तर. जुनी माणसं ज्याला ‘गरमी’ म्हणत तोच हा आजार. संसर्गानंतर साधारण तीन आठवड्यांनी, कधी १० दिवसांत तर कधी ९० दिवसांनी, एक व्रण उठतो. तो दुखत नाही. गुदद्वाराच्या आत किंवा घशात असेल तर दिसतही नाही. तीन ते सहा आठवड्यांत तो आपोआप बरा होतो आणि माणूस सुटकेचा श्वास टाकतो. पुढे काही आठवड्यांनी अंगावर पुरळ येतं, अनेकदा तळहातांवर आणि तळपायांवर, आणि त्याला खाज नसते. कोकणच्या दमट हवेत अंगावर काही उठलं की घाम, गजकर्ण, अ‍ॅलर्जी असं समजून मलम लावलं जातं. हेही पुरळ जातं. जंतू मात्र शरीरात राहतो आणि वर्षांनंतर हृदय, मेंदू, डोळे यांना धरू शकतो. व्रणामुळे एचआयव्ही शिरायला वाटही मोकळी होते. इतक्या जुन्या, इतक्या लबाड आजारावर उपाय काय? सुरुवातीच्या टप्प्यात बेन्झाथिन पेनिसिलीनचं एक इंजेक्शन, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. रक्ताच्या साध्या तपासणीत तो ओळखता येतो. इतक्या सोप्या उपचारानं बरा होणारा आजार निव्वळ न विचारल्यामुळे वाढावा, याचं मला फार वाईट वाटतं.

परमा आणि क्लॅमिडिया यांचंही असंच. लिंगातून स्राव आला तर माणूस घाबरून डॉक्टरकडे जातो. पण हेच जंतू घशात किंवा गुदाशयात असले तर बहुधा काहीच लक्षण नसतं आणि फक्त लघवी तपासली तर ते सापडत नाहीत. डॉक्टरांना ‘घसा आणि गुदद्वार इथूनही नमुना घ्यायला हवा’ हे सांगायचं, तर आपले संबंध कोणाशी आणि कसे आहेत तेही सांगावं लागतं. कावीळ-बीची लस मात्र कोणालाही काही न सांगता घेता येते. सहा महिन्यांत तीन मात्रा, की त्या आजाराची चिंता जवळपास संपली.

निरोधाविषयी एक गोष्ट खास कोकणातल्या वाचकांसाठी लिहिलीच पाहिजे. आपल्याकडे घरोघरी खोबरेल तेल असतं आणि वंगण म्हणून हात सहज त्याच्याकडे जातो. निरोध लॅटेक्सचा असतो आणि खोबरेल, व्हॅसलीन, बेबी ऑइल यांसारख्या तेलकट पदार्थांनी लॅटेक्स काही मिनिटांत कमकुवत होऊन फाटतं. निरोध वापरूनही संसर्ग झाल्याच्या तक्रारीमागे हे तेल असू शकतं. पाण्यावर आधारलेलं जेल औषधाच्या दुकानात मिळतं, ऑनलाइन मागवता येतं, पाकिटावर काय आहे ते बाहेरून कळत नाही. सरकारी रुग्णालयांत निरोध फुकट मिळतात. १९६८ पासून सरकार ते वाटत आलं आहे, त्यामुळे ते घेताना कारण सांगायची कोणाला गरज नाही.

आणि निरोध फाटलाच, किंवा वापरलाच नाही, तर? इथे ७२ तास हा आकडा लक्षात ठेवायचा. तेवढ्या वेळात एचआयव्हीविरोधी गोळ्या सुरू केल्या आणि २८ दिवस न चुकता घेतल्या, तर संसर्ग टळण्याची शक्यता मोठी असते. याला पेप म्हणतात. जितका उशीर, तितका उपयोग कमी, म्हणून पहिल्याच दिवशी हालचाल करावी. सरकारी रुग्णालयात ही औषधं मुख्यतः सुई टोचलेल्या कर्मचाऱ्यांसाठी आणि लैंगिक अत्याचारग्रस्तांसाठी ठेवलेली असतात. इतरांना डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ती खासगीत घेता येतात. शनिवारी रात्री काही घडलं आणि सोमवारी दुपारी ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात किंवा कोल्हापूरला पोचलात, तरी मुदत संपलेली नसते. हे माहीत नसल्यामुळे लोक तीन महिने रोज रात्री जागे राहतात.

ज्याचे जोडीदार वरचेवर बदलतात, त्याच्यासाठी प्रेप आहे. संबंधांच्या आधीपासून घ्यायची ही गोळी, टेनोफोविर आणि एम्ट्रिसिटाबिन यांची. रोज एक नियमानं घेतली तर एचआयव्हीपासूनचं संरक्षण अतिशय चांगलं असतं. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेनं २०२२ साली तिच्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. ती सुरू करण्याआधी एचआयव्हीची तपासणी, मूत्रपिंडाची तपासणी आणि कावीळ-बीची तपासणी लागते. मित्रानं दिलेली पट्टी फोडून ती घ्यायची नसते. सिफिलिस, परमा यांना प्रेप अडवत नाही, हेही ध्यानात असू द्यावं.

तपासणीला जायचं कुठे? सरकारी रुग्णालयांत ‘एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र’ असतं, पाटीवर बहुधा आयसीटीसी एवढंच लिहिलेलं. तपासणी मोफत, आधी आणि नंतर समुपदेशकाशी बोलणं, अहवाल बहुधा त्याच दिवशी. गुप्तरोगांसाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ या नावानं वेगळी सोय असते. संसर्ग झाल्यावर लगेच तपासणीत तो दिसतोच असं नाही, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा तपासावं, आणि जोडीदार बदलत असतील तर दर तीन ते सहा महिन्यांनी तपासत राहावं. समुपदेशक ओळखीचा निघेल ही भीती लहान गावात खरी असते, तिला कोणी हसू नये. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार, ठरावीक अपवाद सोडले तर, संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि कोणाची स्थिती बाहेर सांगणंही बेकायदेशीर आहे. तरीही मन धजत नसेल तर सावंतवाडीला जा, कोल्हापूरला जा, तुतारी एक्स्प्रेसनं मुंबई गाठा. कोणत्याही गावच्या केंद्रात कोणत्याही गावचा माणूस जाऊ शकतो. त्यात पळपुटेपणा काही नाही. तपासणीच न करणं मात्र महागात पडतं.

अहवालात संसर्ग आढळला तर काय, या भीतीनंच कित्येक लोक थांबतात. भारतात एचआयव्हीवरचे उपचार १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत आहेत आणि २०१७ पासून निदान होताच ते सुरू केले जातात. आता बहुतेकांना दिवसातून एकच गोळी घ्यावी लागते. ती नियमानं घेतली की रक्तातला विषाणू इतका कमी होतो की तपासणीत मोजता येत नाही, आणि मोजता येत नाही तोवर तो लैंगिक संबंधांतून दुसऱ्याला जात नाही. हा धीर देण्यासाठी सांगितलेला आशावाद नव्हे. युरोपात ७८२ समलिंगी जोडप्यांचा, ज्यांत एक जण बाधित आणि उपचारावर होता, अनेक वर्षं मागोवा घेतला गेला. निरोधाशिवाय सुमारे ७६ हजार संबंध झाले. त्या जोडीदाराकडून झालेला एकही संसर्ग आढळला नाही. २०१९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अ‍ॅपवर ‘क्लीन आहेस ना?’ असं विचारून ‘हो’ म्हणणाऱ्या, पण कधीच न तपासलेल्या माणसापेक्षा उपचार घेणारा बाधित माणूस जास्त सुरक्षित असतो.

या सगळ्यात घरी असलेल्या बायकोचा विचार क्वचितच होतो. अ‍ॅपवरचे कित्येक पुरुष विवाहित आहेत. काही उभयलैंगिक आहेत, काहींना ‘लग्न झालं की सुटेल’ या आश्वासनावर बोहल्यावर चढवलं गेलं. लग्नानं लैंगिक कल बदलत नाही, आणि तो बदलण्याचे ‘उपचार’ करणं हे डॉक्टरांच्या बाबतीत व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. विवाहित पुरुषानं स्वतःची नियमित तपासणी करणं हे त्याचं बायकोप्रती किमान कर्तव्य आहे. तिला न विचारता तिच्या आरोग्याशी जुगार खेळण्याचा हक्क त्याला नाही. हे मी ठामपणे लिहितो. तिची तपासणी बहुधा गरोदरपणी पहिल्यांदा होते आणि तेव्हा घरातले सगळे प्रश्न तिलाच विचारले जातात.

अ‍ॅपचा आणखी एक धोका शरीराबाहेरचा आहे. चेहऱ्याचे, नग्न फोटो मिळवून पैसे उकळणाऱ्या टोळ्या आहेत. त्यांची धमकी साधारण एकच : घरी सांगू, पोलिसांत देऊ. यातलं ‘पोलिसांत देऊ’ निव्वळ पोकळ आहे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं नवतेजसिंग जोहर खटल्यात प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर, ज्याखाली हे संबंध गुन्हा ठरत, त्या जुन्या कलम ३७७ सारखं कलमच नाही. गुन्हा आहे तो खंडणी मागणाऱ्याचा. पैसे देऊ नका, संभाषण पुसू नका, सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर कळवा. आधी खबरदारी म्हणून चेहरा आणि नग्नता एकाच फोटोत येऊ देऊ नये, भेटण्याआधी व्हिडिओवर बोलावं, पहिली भेट चारचौघांतल्या हॉटेलात घ्यावी. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये अंतर लपवता येतं, ते लपवावं. तीन जागांवरून तुमचं अंतर समजलं तर तीन वर्तुळं काढून ती जिथे छेदतात ती जागा शोधता येते. मुंबईत त्या जागी पाचशे घरं असतील, वैभववाडीच्या एखाद्या वाडीत एकच असतं. अ‍ॅपवर आपली एचआयव्ही स्थिती भरतानाही विचार करावा. ग्राइंडर ही माहिती दोन बाहेरच्या कंपन्यांना देत असल्याचं २०१८ मध्ये उघड झालं होतं.

शेवटचं बोलणं डॉक्टरांशी आहे, पण आधी एक जुनी गोष्ट. दापोलीजवळच्या मुरूडच्या घराण्यातले र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवत होते आणि वाचकांच्या लैंगिक शंकांना निर्भीड उत्तरं देत होते. त्या शंकांत समलिंगी संबंधही असत. अशाच उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांचं वकीलपत्र घेतलं, आणि निकाल कर्व्यांच्या विरुद्ध लागला. कर्व्यांनी मासिक बंद केलं नाही. इतक्या वर्षांनंतर तालुक्याच्या दवाखान्यात लघवीची जळजळ घेऊन आलेल्या पोराला अजूनही ‘लग्न झालंय का?’ एवढाच प्रश्न विचारला जातो. डॉक्टर, त्याऐवजी ‘संबंध स्त्रियांशी, पुरुषांशी की दोघांशी?’ असं सरळ, आवाज न बदलता विचारा. तो खरं सांगेल, कारण हा प्रश्न त्याला आजवर कोणी विचारलेला नाही. आणि ज्याला अजून कोणत्याच डॉक्टरसमोर बसवत नाही, त्यानं आधी फोन करावा : राष्ट्रीय एड्स मदतवाहिनीचा क्रमांक १०९७ आहे, फोनला पैसे पडत नाहीत आणि नाव सांगावं लागत नाही. मनावर फारच ताण असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६.